जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र, जंगल आणि ज्वालामुखी एकाच सहलीत: बाली की पूर्व जावा?

बागाईतदार_पिंपळगाव

नमस्कार मंडळी. सध्या द्राक्षांची काढणी जोरात आहे, दिवसा फोन उचलायला फुरसत नाही. रात्री जेवण उरकून हे लिहायला बसलोय.

आमचं वर्ष तुम्हाला माहीतच आहे. एप्रिलपर्यंत काढणी, लगेच खरड छाटणी, मे-जूनमध्ये काडी तयार करायची धावपळ, आणि सप्टेंबर संपत आला की फळासाठीची गोडी छाटणी. थोडी मोकळीक मिळते ती जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. तेवढ्या दिवसांत फवारणीचं धाकटा भाऊ बघतो. म्हणजे जग मे महिन्यात फिरतं तेव्हा आम्ही बागेत, आणि आम्ही मोकळे होतो तेव्हा कोकणात धो धो पाऊस.

जाणार चौघं: मी, सौ., आठवीतली मुलगी आणि आई. आई पासष्टीच्या पुढे, चालते चांगली, पण दम्याचा पंप पर्समध्ये असतो. मुलीला काहीही करून जिवंत ज्वालामुखी बघायचाय. सौ.ला समुद्र हवा. मला जनावरं-पक्षी बघायला आवडतात. आईचं म्हणणं, "एखादं देऊळ असलं म्हणजे झालं."

एजंटने बालीचं पॅकेज पुढे केलंय. कुटाला हॉटेल, उबुदला झोका, एका देवळासमोर फोटो, शेवटच्या दिवशी शॉपिंग. ज्वालामुखी म्हणून एका हॉटेलात जेवताना खिडकीतून दिसणारा डोंगर. मला हे काही पटेना. आठ-दहा दिवस हाताशी आहेत. त्या काळात तिकडे पाऊस असतो का? ज्वालामुखी खरंच जवळून बघता येतो का, आणि बघावा का? आम्ही चौघं शाकाहारी, त्याचं काय?

सातपूरकर

आठवीतल्या पोरीची शाळा बुडवून ज्वालामुखी? पहिली घटक चाचणी ऑगस्टमध्येच असते.

भटक्या_एमएच१५

धागा अगदी वेळेवर काढलात. शाळेचं सातपूरकरांवर सोपवू, आपण ऋतूचं बोलू.

बाली आणि जावा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण ८ अंशांवर आहेत. तिथला कोरडा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्ट म्हणजे ऐन उघाडीचे महिने. इगतपुरीत छत्री उलटी होत असते तेव्हा तिकडे आकाश निरभ्र. द्राक्षवाल्यांच्या सुट्टीसाठी याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही. एकच अडचण: युरोप आणि ऑस्ट्रेलियाची मंडळीही नेमकी तेव्हाच येतात, त्यामुळे दक्षिण बालीत गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले असतात. कुटा ते उबुद हे अंतर नकाशावर दिसतं तेवढं छोटं नाही. आमचा त्या रस्त्यावर नाशिकच्या द्वारका सर्कलला संध्याकाळी जातो त्याहून जास्त वेळ गेला.

म्हणून माझं स्पष्ट मत: बालीत फक्त उतरा. विमानतळावरून सरळ पश्चिमेचं टोक गाठा आणि तिथून फेरीने जावात बान्युवांगीला जा. तुम्हाला हवंय ते सगळं, म्हणजे समुद्र, जंगल, कासवं आणि ज्वालामुखी, त्या एका जिल्ह्याच्या आसपास आहे. सविस्तर उद्या लिहितो, आत्ता ड्यूटीवर निघालो.

गोदाकाठची_गौरी

बालीला इतकंही नावं ठेवू नका हो. आम्ही सानूरला राहिलो होतो, समुद्र शांत, पहाटे फिरायला किनाऱ्यालगत लांबलचक रस्ता, आईंसाठी उत्तम. कुटाचा समुद्र मात्र फसवा आहे. लाटा मोठ्या आणि पाण्याला आतली ओढ. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं, जीवरक्षक शिटी मारतो ती आपल्यासाठीच असते. आपली माणसं गुडघाभर पाणी म्हणून जातात आणि सेल्फी काढताना लाटेकडे पाठ करतात.

देवळांचं म्हणाल तर उलुवाटूला आईंना न्या, पण चष्मा आणि पर्स सांभाळून. तिथली माकडं चष्मा पळवून बदल्यात खाऊ मागतात. आपण नाशिककर, सप्तशृंगीची माकडं बघून आपल्याला वाटतं आपण यात मुरलेले आहोत. तिथे तो आत्मविश्वास घरी ठेवा. बालीत २००८ पासून रेबीज आहे. माकड चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने भरपूर धुवा आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखाना गाठा, नाशिकला आल्यावर बघू असं नाही.

दगडधोंडे

निवृत्त भूगोल शिक्षक आहे, त्यामुळे थोडं लांबण लावणार. वाचायचं नसेल त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.

बागाईतदार, तुमच्या मुलीला जाण्यापूर्वी एक दिवस सिन्नरला गारगोटी संग्रहालय दाखवा. तिथली झिओलाइट खनिजाची स्फटिकं आपल्याच काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या, पोकळ्यांत वाढलेली आहेत. अंजनेरी, ब्रह्मगिरी, साल्हेर, सगळा लाव्हाच. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून पातळ लाव्हा वाहिला, थरावर थर बसले. आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते त्यामुळेच.

जावाचं काम वेगळं. तिथे हिंदी महासागराचा तळ जावाच्या दक्षिणेला खंदकापाशी खाली सरकतो. जाताना सोबत पाणी नेतो. त्या पाण्याने वरचा तप्त खडक कमी तापमानाला वितळतो आणि वर येताना त्याचा मॅग्मा घट्ट व वायूने भरलेला होतो. पातळ लाव्हातून वायू सहज निसटतो, घट्ट मॅग्मातून निसटत नाही, म्हणून स्फोट होतो. त्यामुळे हे डोंगर शंकूसारखे उंच आणि तापट. १८१५ साली सुम्बावा बेटावरचा तांबोरा फुटला तेव्हा इतकी राख आणि गंधकाचे वायू वर गेले की १८१६ मध्ये युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली.

आता वाऱ्याचं. जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाकडून कोरडे आग्नेय व्यापारी वारे वाहतात, म्हणून बाली-जावात उघाडी. दक्षिण गोलार्धातले हेच आग्नेय वारे हिंदी महासागरात विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात, वाटेत बाष्प घेतात आणि आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी म्हणून येतात. तिकडची उघाडी आणि इकडचा पाऊस हे एकाच व्यवस्थेचे दोन भाग आहेत.

आईंसाठी एक गोष्ट. बालीत शक संवत चालतं, आपल्या पंचांगातलंच, इसवी सनातून ७८ वजा. त्यांचं नववर्ष न्येपी. २०२३ आणि २०२६ मध्ये ते आपल्या गुढीपाडव्याच्याच दिवशी आलं. पण साजरं करायची रीत अगदी उलटी: दिवसभर दिवा नाही, वाहन नाही, घराबाहेर पडणं नाही, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. तुमच्या तारखांना हे आडवं येणार नाही, पण मार्चमध्ये जाणाऱ्यांनी पंचांग बघून तिकीट काढावं.

ऑस्टिनचा_नाशिककर

माझे दोन पैसे. आम्ही इकडून कोस्टारिका केलं. समुद्र, जंगल, ज्वालामुखी या तिन्हींसाठी तो देश म्हणजे आदर्श. मान्वेल अँतोनियोला किनाऱ्यावरच माकडं आणि स्लॉथ, ओस्तिओनालला हजारो ऑलिव्ह रिडले कासवं एकदम अंडी घालायला येतात. अरेनाल मात्र २०१० पासून शांत आहे, लाव्हा बघायला मिळेल या आशेवर जाऊ नका. गरम पाण्याचे झरे आहेत. पण जुलैमध्ये तिथे पाऊस, आणि नाशिकहून जायचं तर अर्धी सुट्टी विमानात. तुमच्यासाठी इंडोनेशियाच बरं.

सातपूरकर

अंदमान आहे की. आपल्याच देशात. बॅरन आयलंड हा जिवंत ज्वालामुखी आहे, पासपोर्ट नको, व्हिसा नको, रुपिया नको.

पक्षीवेडी

सातपूरकर, अंदमान मलाही प्रिय आहे. नारकोंडम बेटावरचा धनेश जगात दुसरीकडे कुठेच नाही. पण बॅरन बेटावर उतरायला मनाई आहे, लांब बोटीतूनच बघायचं. आणि जुलै-ऑगस्टमध्ये अंदमानात ऐन पावसाळा. समुद्र खवळलेला, बेटांमधल्या फेऱ्या केव्हा रद्द होतील सांगता येत नाही. अंदमानला डिसेंबर ते मार्च जा, तेव्हा यांची काढणी असते.

आता माझ्या आवडीच्या विषयावर येते. बालीच्या पश्चिम टोकाला पश्चिम बाली राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे बालीची मैना दिसते. अख्खी शुभ्र पांढरी, डोळ्यांभोवती निळी कातडी, पंखांच्या आणि शेपटीच्या टोकाला काळा रंग. पिंजऱ्यासाठी पकडून पकडून जंगलात जवळजवळ संपली होती, आता पैदास करून परत सोडतात. नांदूर मधमेश्वरला दुर्बीण लावून बसणाऱ्यांना हिची किंमत वेगळी सांगायला नको.

शेजारी पेमुतेरान नावाचं गाव आहे, राहायला तेच निवडा. काळसर वाळू, संथ पाणी, लाटांचा आरडाओरडा नाही. तिथे सुरुंगाने मासेमारी आणि १९९८ मधलं समुद्राचं तापणं यांनी प्रवाळ मेलं होतं. २००० पासून गावाने समुद्रतळाशी लोखंडी सांगाडे ठेवून त्यांत अगदी सौम्य वीज सोडायला सुरुवात केली. विजेमुळे पाण्यातला चुना सांगाड्यावर बसतो आणि प्रवाळाचे तुकडे त्यावर वाढतात. किनाऱ्यापासून थोडं पोहत गेलं की दिसतं. मेंजांगान बेट बोटीने जवळच, मुलीला नळी लावून पाण्यात तोंड घालायला तिथलं पाणी सगळ्यात चांगलं.

भटक्या_एमएच१५

पक्षीवेडींनी माझं अर्धं काम केलं. उरलेलं लिहितो, जरा सावकाशीने.

पेमुतेरानहून गिलीमानुक बंदर जवळ आहे. तिथून जावातल्या केतापांगला फेरी, गाडीसकट जाता येतं, पाऊण ते एक तास. सामुद्रधुनी अरुंद दिसते म्हणून गंमत समजू नका, प्रवाह जोरदार असतात. जुलै २०२५ मध्ये केतापांगहून निघालेली एक फेरी रात्री बुडाली आणि माणसं गेली. फेरी दिवसाची घ्या, गाडीत बसून राहू नका, वर येऊन बसा आणि लाइफ जॅकेट कुठे ठेवलीत ते बघून घ्या.

बान्युवांगीच्या उत्तरेला बालुरान राष्ट्रीय उद्यान. मोकळं गवताळ रान, मागे डोंगर, सांबराच्या जातीची हरणं, जंगली बांतेंग गुरं आणि हिरवा मोर. त्याची मान आपल्या मोरासारखी निळी नसून खवल्याखवल्यांची हिरवी. रान संपतं तिथे बामाचा किनारा. आणि गंमत ऐका: तिथे सगळ्यात मोठा उपद्रव आपल्या बाभळीचा आहे. वणवा अडवायला १९६० च्या दशकाअखेरीस लावली, ती रानभर पसरली आणि गवत खाऊन बसली. आता उपटताना नाकी नऊ येतात. आपल्याकडे बांधावर दोन बाभळी उरल्या तरी आपण खूश.

दक्षिणेला मेरू बेतिरी राष्ट्रीय उद्यानात सुकामादेचा किनारा. हिरवी समुद्री कासवं बहुतेक वर्षभर तिथे अंडी घालायला येतात. कोकणात वेळासला आपण कासवांची पिल्लं बघतो, इथे रात्री अख्खी मादी बघायला मिळते. मीटरभर लांबीचं जनावर वाळू उपसताना श्वास टाकतं तो ऐकू येतो. रस्ता मात्र मळ्यांमधून, खड्ड्यांचा, नदी ओलांडून, फोर बाय फोरशिवाय नाही. आईंना या रस्त्यावर नेऊ नका.

आता इजेन ज्वालामुखी. पाल्तुदिंगला गाडी उभी राहते तीच सुमारे १,८५० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून उंच. तिथून तीन किलोमीटरची चढण, जवळपास पाचशे मीटर उंची. मध्यरात्र उलटल्यावर निघायचं. वर पोचलं की खाली विवरात निळी आग. लोक त्याला निळा लाव्हा म्हणतात, ते खोटं. खडकांच्या भेगांतून अति तापलेले गंधकाचे वायू बाहेर येतात आणि हवेत पेटतात, गंधक जळतं तेव्हा ज्योत निळीच असते. म्हणून अंधारातच दिसते. उजाडलं की ती गायब होते आणि समोर फिरोजी रंगाचं, सुमारे एक किलोमीटर रुंदीचं तळं येतं. सुंदर दिसतं, पण ते आम्ल आहे, पीएच अर्ध्याच्याही खाली.

मला तिथलं सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते मजूर. वायूच्या तोंडाशी पाइप बसवलेत, त्यांतून वितळलेलं गंधक लालभडक ठिबकतं आणि गार होता होता पिवळं होतं. पहारीने त्याच्या लाद्या फोडायच्या, बांबूच्या दोन टोपल्यांत भरायच्या, कावड खांद्यावर आणि विवराची ती उभी वाट वर. सत्तर ते नव्वद किलो. एक जण माझ्याजवळ टेकला, शर्ट बाजूला झाला तर खांद्यावर दोन मुठींएवढा घट्टा. कित्येकांच्या तोंडावर नुसता ओला फडका. आम्ही भाड्याचे मास्क लावून फोटो काढत होतो. वाट अरुंद आहे, कावडवाला आला की आपण डोंगराच्या अंगाला सरकून उभं राहायचं, त्याला थांबवायचं नाही.

बागाईतदार_पिंपळगाव

भटक्या, रात्री हा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचला. भुरी रोगासाठी आम्ही बागेत गंधक मारतो, पोतं गोडाऊनला कायम असतं. आपलं गंधक बहुतेक तेलशुद्धीकरणातून येतं, एवढं माहीत होतं. माणसाच्या खांद्यावरून येतं हे ठाऊक नव्हतं. ते पुढे जातं कुठे?

भटक्या_एमएच१५

बरंचसं तिथल्याच साखर कारखान्यांत, साखर पांढरी करायला. शिवाय रबर, काडेपेट्या, सौंदर्यप्रसाधनं.

डॉ_कॉलेजरोड

आईंबद्दल स्पष्ट लिहितो: इजेन नाही. सल्फर डायऑक्साइड अगदी थोड्या प्रमाणातही दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आवळतो. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वायू अडवत नाही, त्याला आम्ल वायूंसाठीचं कार्ट्रिज लागतं. भाड्याने मिळणाऱ्या मास्कचं कार्ट्रिज किती जुनं आहे कुणाला ठाऊक? चढण्याआधी तिथे वैद्यकीय दाखला मागतात, तो रक्तदाब बघून पाच मिनिटांत मिळतो. दाखला मिळाला म्हणून आईंना परवानगी मिळाली असं समजू नका. मुलीने आणि तुम्ही कड्यावरूनच बघावं. विवरात उतरण्यावर तशीही अधूनमधून बंदी असते. वारा फिरला तर ढग अंगावर येतो, तेव्हा वाद न घालता मागे फिरायचं.

थंडीचंही लक्षात घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये रात्री या उंचीवर पारा दहाच्या खाली जातो. निफाडकरांना त्याचं काही नाही, पण बालीला चाललोय म्हणून लोक फक्त हाफ पँट भरतात. गार हवेनेही दमा चाळवतो. आईंचे दोन पंप, एक हातातल्या बॅगेत, एक सामानात, आणि औषधाची चिठ्ठी सोबत.

गोदाकाठची_गौरी

मग आईंना ज्वालामुखी दाखवायचाच नाही का? ब्रोमो आहे ना!

दगडधोंडे

ब्रोमो जरूर, आणि आईंनाच सगळ्यात जास्त आवडेल. २,३२९ मीटरचा बुटका डोंगर, जुन्या महाकाय विवराच्या आत उभा, भोवती राखेचं वाळवंट, मागे धुरकट सेमेरू. सेमेरू ३,६७६ मीटर, जावातला सर्वांत उंच आणि सतत धुमसणारा. पेनांजाकानच्या टेकडीवर जीप जाते, तिथून सूर्योदय बघायला चढण नाही. पायथ्याला वाळूतच पुरा लुहुर पोतेन हे देऊळ आणि विवराच्या कडेवर चक्क गणपती बसवलेला आहे.

हा तेंग्गेर लोकांचा मुलूख. जावा बहुतांश मुसलमान झाला तरी हे लोक हिंदू राहिले. यज्ञ कसादा हा त्यांचा सण. पहाटे भाजी, तांदूळ, कोंबड्या, कधी बकरं घेऊन विवराच्या कडेवर येतात आणि आत टाकतात. आतल्या उतारावर इतर माणसं जाळी घेऊन उभी असतात, वरून आलेलं झेलायला. देवाला दिलं तेही खरं आणि कुणाच्या घरी शिजलं तेही खरं. सण त्यांच्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमाराला येतो, बहुधा जून-जुलैमध्ये. तारीख बघून घ्या, गर्दी प्रचंड असते.

विवराच्या पायऱ्या साधारण अडीचशे, वर गंधकाचा वास असतो. आईंनी देवळापर्यंतच.

सातपूरकर

आणि मधेच फुटला तर?

भटक्या_एमएच१५

प्रश्न रास्त आहे. इंडोनेशियात सव्वाशेच्या वर जिवंत ज्वालामुखी आहेत, आणि प्रत्येकावर त्यांचं ज्वालामुखी खातं पातळी जाहीर करतं. चार पातळ्या: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या सरकारी संकेतस्थळावर रोज दिसतात. कुठल्या डोंगराच्या किती किलोमीटरच्या आत जायचं नाही हेही लिहिलेलं असतं. हॉटेलवाला किंवा जीपवाला काय म्हणतो ते नंतर, आधी तो नकाशा. सियागा असेल तर जायचं नाही, तिकीट वाया गेलं तरी.

पण तुम्हाला खरा त्रास होण्याची शक्यता राखेची. नोव्हेंबर २०१७ मध्ये बालीतल्याच आगुंग ज्वालामुखीच्या राखेने बालीचा विमानतळ बंद पडला. जून आणि जुलै २०२५ मध्ये पार फ्लोरेस बेटावरच्या लेवोटोबीची राख उडाली आणि बालीची विमानं रद्द झाली. दिल्लीहून निघालेलं एक विमान वाटेतून परत फिरलं. त्यामुळे प्रवास विमा तिकिटाबरोबरच काढा. स्फोटाची बातमी आल्यानंतर काढलेला विमा त्या स्फोटासाठी सहसा चालत नाही. आणि परतीच्या दिवसाला लागून कुणाचं लग्न, बँकेची तारीख असलं काही ठेवू नका.

अन्नपूर्णा_पंचवटी

शाकाहाराचं मी सांगते. माणसं प्रेमळ आहेत, पण त्यांच्या लेखी ‘मांस नाही’ म्हणजे ‘मासे चालतील’. जिथे तिथे तेरासी घालतात, म्हणजे कोळंबीची आंबवलेली वडी, सांबल चटणीत तर हमखास. सरळ तीन शब्द शिका: दागिंग, इकान, उदांग. मांस, मासा, कोळंबी. पुढे ‘तिदाक’ म्हणजे नाही. आणि ‘तानपा तेरासी’, तेरासीशिवाय. कुरकुरीत पापड दिसतो तोही बऱ्याचदा कोळंबीचाच.

काय खावं? तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), तोफू, आणि पूर्व जावात पेचेल. उकडलेल्या पालेभाज्यांवर शेंगदाण्याची पातळ तिखट चटणी, जवळजवळ आपल्या दाण्याच्या आमटीसारखी. आई खातील. बालीतलं लावार (भाज्या-मांसाचं मिश्रण) मात्र विचारून, पुष्कळदा त्यात रक्त घालतात. दक्षिण बालीत भारतीय हॉटेलं मिळतात, बान्युवांगीकडे मिळतीलच असं धरू नका. दशम्या, मेतकूट, कोंडाजीचा चिवडा, आणि एक छोटा राइस कुकर. आमच्या सासूबाई कुकरवरच टिकल्या.

पक्षीवेडी

कोमोडो कुणीच कसं काढलं नाही? तीन मीटरपर्यंत वाढणारी घोरपड, तीही जगात फक्त कोमोडो, रिंचा आणि फ्लोरेसच्या आसपास.

भटक्या_एमएच१५

मुद्दाम नाही काढलं. त्यासाठी फ्लोरेसवरच्या लाबुआन बाजोला वेगळं विमान, मग बोट. जुलै-ऑगस्टमध्ये वारा जास्त असला की बंदर अधिकारी बोटी थांबवतात. शिवाय हा त्यांचा विणीचा काळ, त्या दिवसांत घोरपडी जंगलात आत असतात, कमी दिसतात. आठ-दहा दिवसांत बाली, जावा आणि कोमोडो म्हणजे विमानतळच बघणं होईल. तो वेगळा धागा.

उत्तर बालीतल्या लोविनाचे डॉल्फिनही मी वगळले. चार डॉल्फिन आणि त्यांच्यामागे मोटरबोटींची रांग. बघवत नाही.

गोदाकाठची_गौरी

कागदपत्रांचं कुणी लिहिलं नाही म्हणून: भारतीयांना विमानतळावर व्हिसा मिळतो, ५ लाख रुपिया, ३० दिवसांचा. आधी ऑनलाइन काढलेला बरा, रांग वाचते. शिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून बालीत परदेशी पाहुण्यांना दीड लाख रुपिया कर. आकडे बघून दचकू नका, एक लाख रुपिया म्हणजे आपले पाच-साडेपाचशे रुपये. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी, आईंचा आत्ताच काढून बघा. विमान मुंबईहून सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे, नाहीतर बंगळूरहून थेट.

स्कूटर भाड्याने घ्यायचा मोह होईल. पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढल्याशिवाय हातही लावू नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

बागाईतदार_पिंपळगाव

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी घरात बैठक झाली. एजंटला नाही कळवलं. ठरलंय ते असं: ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघायचं. बालीत उतरून सरळ पेमुतेरान, तिथे आराम, मेंजांगान आणि पांढरी मैना. मग दिवसाच्या फेरीने बान्युवांगी. एक दिवस बालुरान सगळ्यांनी. इजेनला मी आणि मुलगी, कड्यापर्यंतच, सौ. आईजवळ थांबेल. मग रेल्वेने ब्रोमोजवळचं प्रोबोलिंगो आणि तिथून ब्रोमो सगळ्यांनी, आईने देवळापर्यंत. सुकामादे या खेपेला नाही, मुलगी रुसली आहे. परतताना सानूरला थांबून सौ.चा समुद्र. सुराबायाहून बालीला विमान घ्यायचं की उलट रेल्वेने यायचं हे अजून ठरलेलं नाही.

सातपूरकर, शाळेत वर्गशिक्षिकेशी बोललो. घटक चाचणी त्यानंतर आहे. परत आल्यावर वर्गात ज्वालामुखीवर बोलायचं या अटीवर परवानगी मिळाली.

सातपूरकर

बोलताना ती गारगोटीतले दगडही घेऊन जाऊ दे. विकत मिळतात तिथे.

भटक्या_एमएच१५

योजना चांगली आहे. दोन दुरुस्त्या. ब्रोमोहून सुराबाया रस्त्याने काही तासांत येतं, तिथून बालीला विमान घ्या, उलट यायचा अख्खा दिवस वाचतो. आणि पेमुतेरानहून थेट इजेनच्या रात्रीला भिडू नका. बान्युवांगीला पोचलात की बालुरान आधी, इजेन नंतर, आणि इजेनच्या दुसऱ्या दिवशी रेल्वे दुपारची. मुलगी रात्रभर जागलेली असेल. जावाची वेळ बालीपेक्षा एक तास मागे आहे, फोन आपोआप बदलतो पण मनगटावरचं घड्याळ नाही. रेल्वेचं तिकीट केतापांग स्थानकापासूनचं काढा, ते फेरीच्या बंदराला लागूनच आहे. ऑगस्ट आहे, १७ तारखेला त्यांचा स्वातंत्र्यदिन असतो, त्या सुट्टीला लागून जागा मिळत नाहीत. विक्री उघडली की लगेच बुक करा.